हे तुझं, की बाजूच्याचं?

मॅडम चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसायला लागल्या, की समजायचं, आपण जे बोललो ते त्यांना पटलेलं नाही. चष्मा स्वच्छच असायचा. तरी त्या आधी एक काच पुसायच्या, मग दुसरी, आणि चष्मा नाकावर ठेवता ठेवता विचारायच्या, "हे तुझं मत, की बाजूच्याचं?"

बाजूच्याचं म्हणजे बाकावर शेजारी बसलेल्याचं. वर्गात कुणीही काहीही सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. आणि आमची पंचाईत अशी, की खरं उत्तर बहुतेक वेळा 'बाजूच्याचं' हेच असायचं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. समोर असताना त्याचा नुसता वैताग येतो, आणि ते निघून गेल्यावर आपण त्याचंच वाक्य तोंडात घेऊन फिरतो. मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण सांगून बघतो.

मॅडम हिंगोलीला आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे कायमची नाही. दर वर्षी जूनमध्ये संस्थेनं बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर आपली पिशवी उचलायची. हे एवढं लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

मी शिरड शहापूरहून एसटीनं यायचो. आमच्याकडं मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. आमच्या घरात मत हा शब्द निवडणुकीपुरता होता. मत द्यायचं असतं, ते कुणाला हे काका सांगतात, आणि बाया घरातल्या माणसाला विचारतात. त्याच्यापलीकडं मत नावाची काही वस्तू असते, हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला उभं करून एका धड्याबद्दल विचारलं, "तुझं मत काय?" तेव्हा मी खरोखर मनापासून सांगितलं, "मॅडम, अजून यादीत नाव आलं न्हाई."

वर्ग फुटला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बस. नाव आलं की सांग."

मला वाटलं विषय संपला. पण पुढं व्हरांड्यात दिसल्या, ग्रंथालयात दिसल्या, एसटी स्टँडवर दिसल्या, की विचारणार, "काय रे, आलं का नाव यादीत?" पोरांनी माझं नावच 'यादी' पाडलं.

त्यांचा हा छळ फक्त आमच्यापुरता नव्हता. कॉलेजच्या कँटीनवाल्यानं एकदा चुकून विचारलं, "मॅडम, चहा कसा झालाय?" तर त्याला विचारून विचारून त्यांनी त्याच्याच तोंडून काढलं, की दुधात पाणी जास्त आहे. तेव्हापासून त्या आल्या की तो आत जाऊन भांडी घासायला लागायचा. हिंगोली नुकता वेगळा जिल्हा झाला होता, जो तो खूश होता. मॅडम भाजीवालीला विचारत होत्या, "जिल्हा झाला ते चांगलं झालं म्हणता, पण तुम्हाला काय झालं?" भाजीवाली म्हणाली, "मला काय व्हायचंय, बाई, तुमी मेथी घ्या." मॅडमनी दोन जुड्या घेतल्या. हे उत्तर त्यांना आवडलं होतं.

त्या एकट्या राहायच्या. भाड्याची खोली, फिक्या रंगाच्या सुती साड्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. चाळिशीच्या असतील. घरमालकिणीनं एकदा धीर करून विचारलं होतं म्हणे, की लग्न काहून नाही केलं. मॅडम म्हणाल्या, "तुमचं काय मत?" घरमालकीण आमच्या वर्गातल्या एका पोराची आत्या होती, म्हणून हे आम्हाला कळलं. ती म्हणत होती, असा प्रश्न करत्यात व्हय कुणी, मला रात्रभर झोप न्हाई.

आता सिनेमाचं सांगतो.

मॅडमकडं एक व्हिडिओ कॅसेट होती. टॉवेलात गुंडाळलेली. त्यांनी कॉलेजात चित्रपट मंडळ काढलं होतं आणि मंडळाजवळ हा एकच चित्रपट होता. त्यामुळं दर वर्षी तोच. जुना, परदेशातला, काळापांढरा, आणि कॉपीवरून कॉपी केलेला असल्यानं पडद्यावर मुंग्या.

गोष्ट अशी. नदीकाठचं एक गाव, सारखं धुकं. एका बाईचा नवरा लाकडाच्या गिरणीचा मालक, वयानं बराच मोठा आणि तापट. त्यांच्या घरी टेलिफोन बसवायला एक मेकॅनिक येतो. त्याचं आणि बाईचं प्रेम जमतं. दोघं मिळून नवऱ्याला पुलावरून नदीत ढकलतात. मग पोलीस चौकशीला येतात आणि हे दोघं एकमेकांकडंच संशयानं बघायला लागतात. शेवटी तो पळून जायच्या आधी एका बूथवरून तिला फोन करतो. ठरलेलं असं असतं, की तिनं उचलला तर तो तिला न्यायला येणार, नाही उचलला तर एकटाच जाणार. फोन वाजतो. ती समोरच उभी असते. फोन वाजत राहतो. मग थांबतो. तिच्या चेहऱ्यावर सिनेमा संपतो.

मॅडमचा प्रश्न एकच. "तिनं फोन का नाही उचलला?"

आमच्या वर्गातली उत्तरं ऐकण्यासारखी होती. एक म्हणाला, ती सिगारेट ओढत होती म्हणजे वाईटच, वाईट बाई कशाला उचलेल. दुसरा म्हणाला, सिनेमात गाणं नाही, मग तिचं प्रेम होतं की नव्हतं कसं कळणार. एक मुलगी म्हणाली, काळ्यापांढऱ्यात रक्त दिसत नाही, त्यामुळं खून झाल्यासारखं वाटतच नाही, तिलाही वाटलं नसेल. मॅडमनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. तेवढ्यात पाठीमागचे तिघं उठून म्हणाले, आम्हालाही तसंच वाटतं. झालं. मॅडमनी चष्मा काढला.

आणि उत्तर काय ते स्वतः कधी सांगायच्या नाहीत. ह्याचाच मला जास्त राग. परीक्षेला आलं तर काय लिहायचं? मी एकदा विचारलंसुद्धा. म्हणाल्या, "हे परीक्षेला येणार नाही." मग कशाला विचारता बाई, असं तोंडावर आलेलं मी गिळलं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात कॉलेजचं शिबिर औंढ्याच्या आत एका गावात गेलं. ते माझ्या मामाचं गाव. आम्ही दिवसा रस्ता दुरुस्त करायचो, गाव पाळीपाळीनं घराघरातून आमच्यासाठी भाकरी पाठवायचं. शेवटच्या दिवशी दुपारी मॅडमनी गावाला सिनेमा दाखवायचं ठरवलं. कोणता, ते सांगायला नको.

मी पाया पडलो. म्हटलं, मॅडम, काहीतरी देवाचं लावू. त्या म्हणाल्या, "का? गावाला खून कळत नाही?"

शाळेच्या खोलीत सरपंचाचा टीव्ही आला, कॅसेट लावायचा व्हीसीपी औंढ्याहून आणला. अंधार पडावा म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावल्या. एका बाजूला माणसं, एका बाजूला बाया. इंग्रजी कुणाला कळणार नाही म्हणून मी टीव्हीजवळ उभं राहून सांगायचं, असं ठरलं. मी आपलं सांगायला लागलो, की बघा आता ही बाई कशी नवऱ्याला फसवून राहिली. मॅडमनी सगळ्यांसमोर मला थांबवलं. "घडतंय तेवढं सांग. फसवते का नाही ते त्यांना बघू दे."

गाव मात्र माझ्यापेक्षा चांगलं बघत होतं. नवरा नदीत पडला तेव्हा एक म्हातारा हळहळला, गिरणी कोण चालवंल आता. आणि शेवटी तो फोन वाजायला लागला. त्या गावात तेव्हा एकच फोन, सरपंचाच्या घरी. फोन वाजला की माणूस धावतो, हे सगळ्यांना माहीत. मागून आवाज यायला लागले, उचल की, अगं उचल की बाई. तिनं उचलला नाही. टीव्ही काळा झाला.

मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "आता प्रत्येकानं आपापलं मत द्या."

झालं ना. मला तेव्हाच कळलं काय होणार ते, कारण मीही तसल्याच घरात वाढलेलो. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "निशाणी कोणची हाय?"

मॅडम समजावायला लागल्या, की मत म्हणजे तसं मत नाही, मनात येईल ते. पण आमचे मामा उठले होते. मामांना निवडणूक म्हणजे जीव की प्राण. स्वतः एकदा पडलेले, पण उत्साह निवडून आल्यासारखा. ते पुढं येऊन म्हणाले, "मॅडम, तुमी बसा. चिठ्ठ्या कुठं काढता, हात वर करून घेऊ. बराबर मोजतो मी." मग गावाकडं वळून म्हणाले, "ही बाई सुटावी का न सुटावी? सुटावी वाटतंय त्यांनी हात वर करा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मी पहिल्यांदाच त्यांना वैतागलेलं बघत होतो आणि, देव क्षमा करो, मला जरा बरं वाटत होतं.

माणसांच्या बाजूला एकही हात नाही. मामा समाधानानं वळणार, एवढ्यात बायांच्या बाजूनं एक हात वर आला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. हात माझ्या मामीचा होता.

मामांना वाटलं तिला कळलं नाही. म्हणाले, "अगं, हे सुटावीवाल्यांचं चालूय."

हात खाली आला नाही.

मॅडम ताडकन म्हणाल्या, "कारण?"

मामीनं पदर आणखी पुढं ओढला आणि पदरातूनच म्हणाली, "एकटीच हाय ती घरात. पयल्यांदाच. वाजू द्या की फोन."

मग तिच्या शेजारचा हात वर आला. मग मागचा. मग बायांच्या बाजूला हातच हात. मामा मोजायचे थांबले. मी मॅडमकडं बघितलं. त्यांचा चष्मा नाकावरच होता.

त्या दिवशी संध्याकाळी मी मामांकडंच जेवायला होतो. मामा ताटावर बसले आणि घास न घेता म्हणाले, "म्हणजे उद्या तू मला नदीत ढकललं, तर हे गाव तुला सोडून देईल, व्हय?"

मामी भाकरी थापत होती. म्हणाली, "आपल्या नदीला पाणी कुठं हाय."

मी हसलो. हसायला नको होतं. मामा ताटावरून उठले.

त्या दिवशी बऱ्याच घरांत ताटावरून माणसं उठली असावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिराला कुणाच्याच घरून भाकरी आली नाही. आम्ही कच्चीपक्की खिचडी खाऊन परत आलो. पाठोपाठ गावातले काही लोक टेम्पो करून कॉलेजात आले, आणि पुढारी आमचे मामा. तक्रार अशी, की मॅडमनी नवरा मारण्याचा सिनेमा दाखवला आणि गावातल्या बायकांची मतं फिरवली.

मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि मामांच्या वतीनं माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कशाची? मामाला राग आला, तो त्यानं स्वतः येऊन सांगितला. टेम्पो करून. मला आवडला तुझा मामा."

अशा माणसाला काय म्हणावं? आपण त्यांच्यासाठी तळमळतोय, आणि त्या मामांना शाबासकी देतायत.

प्रकरण संस्थेकडं गेलं. जूनमध्ये मॅडमना परत बोलवायचं की नाही, हे त्याच्यावर ठरणार होतं. प्राचार्य भले गृहस्थ होते, त्यांना मॅडम राहायला हव्या होत्या. त्यांनी मला बोलावलं आणि हळूच सुचवलं, की विद्यार्थ्यांनी आपली मतं लेखी दिली, तर संस्थेसमोर ठेवता येतील.

आम्ही जोरात कामाला लागलो. वर्गातल्या हुशार मुलानं फळ्यावर एक झकास मजकूर लिहिला. मॅडमचं व्यक्तिमत्व प्रभावी आहे, त्यांच्यामुळं आमच्यात स्वतंत्र विचार करण्याची वृत्ती निर्माण झाली, वगैरे. सगळ्यांनी तो उतरवून घेतला आणि खाली सह्या केल्या. मीही केली. गठ्ठा घेऊन मी प्राचार्यांकडं गेलो तेव्हा मॅडम तिथंच बसल्या होत्या.

प्राचार्यांनी वरचे चार कागद वाचले आणि खूश होऊन गठ्ठा मॅडमपुढं सरकवला. मॅडम वाचायला लागल्या. एक कागद, दुसरा, तिसरा. मग चष्मा काढला आणि पुसायला लागल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "हे परत करावं लागेल."

"अहो मॅडम, पोरांनी तुमच्या बाजूनं लिहिलंय."

"माझ्या बाजूनं नाही सर, बाजूच्याचं बघून लिहिलंय. व्यक्तिमत्त्वातला त सगळ्यांनी एकेरी काढलाय."

प्राचार्य अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, की मॅडम, हे व्याकरण तपासायचं ठिकाण नाही, तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. मॅडम म्हणाल्या, की स्वतंत्र विचार करतो असं सगळ्या वर्गानं एकाच वाक्यात सांगितलं, तर संस्थेला मला काढायला दुसरा पुरावा कशाला हवा. आणि गठ्ठा माझ्या हातात परत दिला. "आपापलं लिहा. शेजारी बघायचं नाही. दोन ओळी लिहा, पण आपल्या."

वर्गात मी हे सांगितलं तेव्हा पोरं चिडली. बुडायचंच असेल तर बुडू दे, असंही एक जण म्हणाला. पण त्या चिडीतच सगळ्यांनी खरं लिहिलं. सिनेमा कंटाळवाणा होता, मी झोपलो होतो. मॅडम फार डोकं खातात. नवऱ्याला मारायला नको होतं, सरळ निघून जायचं. मॅडम उत्तर सांगत नाहीत, हे शिक्षकाला शोभत नाही. एका मुलीनं लिहिलं होतं, मला माझं मत माहीत आहे, पण ते मी कागदावर लिहिणार नाही. मी लिहिलं, की मॅडमचा मला राग येतो, पण त्यांच्याआधी मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मॅडमनी ते सगळे कागद वाचले. आयुष्यात त्यांना कुणी एवढं खूश केलं नसेल. हातात पेन्सिल होती, तिनं काही कागदांच्या कडेला 'कारण?' असं लिहिलं आणि तोच गठ्ठा, जसाच्या तसा, पेन्सिलीसकट, संस्थेकडं पाठवला. प्राचार्य दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

जूनमध्ये त्यांना बोलावणं आलं नाही.

त्यांच्या जागी एक सर आले. ते नोट्स सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचो. कँटीनवाला परत काउंटरवर बसायला लागला. खरं सांगतो, पहिला महिना मलाही बरं वाटलं. तासाला उभं राहावं लागत नव्हतं. मग एक दिवस सरांनी एका कवितेत कवीला निसर्गाची ओढ आहे असं सांगितलं, सगळ्यांनी ते वहीत घेतलं, आणि माझ्या मनात आलं, की हे सरांचं, की बाजूच्याचं? त्या दिवसापासून माझं त्या वर्गात लक्ष लागेना. म्हणजे गेल्यावरही छळणं चालूच.

मॅडम खोली सोडून गेल्या तेव्हा मी स्टँडवर होतो. त्यांना वारंगा फाट्यावरून नांदेडकडं जायचं होतं. सामान थोडंच. कॅसेट टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलेली. मला बघताच म्हणाल्या, "काय रे, आलं का नाव यादीत?"

खरोखरच आलं होतं. मी सांगितलं, "आलं, मॅडम."

"मग?"

मला बोलायचं बरंच होतं. पण गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, आणि माझ्या तोंडून आलं ते एवढंच, "मॅडम, तिनं फोन काहून उचलला नसंल? तुमचं मत काय?"

कुणी हा प्रश्न त्यांना उलटा विचारला नसावा. त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या, एक काच, मग दुसरी. त्यांच्या मनात जे काही आलं होतं ते त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"मला ठरवता येत नाही रे," त्या म्हणाल्या. "इतक्या वेळा बघितला. म्हणून तर सगळ्यांना विचारत फिरते."

गाडी गेली. मी तिथंच उभा राहिलो. इतके दिवस मला वाटत होतं, की उत्तर त्यांच्याकडं आहे आणि त्या मुद्दाम लपवतायत. त्या आमची परीक्षा घेतच नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडून, भाजीवालीकडून, माझ्या मामीकडून. हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण सांगतील तर त्या मॅडम कसल्या.

ह्याला काही वर्षं झाली. आता मी नांदेडला एम.ए. करतो. परवा मामांच्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि मामा परत उभे होते. मी शिकलेला म्हणून मला शाळेपासून लांब टेबल टाकून बसवलं होतं. लोकांची नावं यादीत शोधून चिठ्ठ्या लिहून द्यायच्या. शेजारच्या टेबलावर मामांच्या विरुद्ध पार्टीची पोरं. शाळेची ती घोंगड्या लावलेली खोली आता मतदानाची खोली झाली होती.

दुपारी मामी बायांच्या घोळक्यात येऊन मत देऊन आली. बोटावर शाई. घरी जाता जाता ती माझ्या टेबलाशी थांबली, वाकली, आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "लेकरा, तुझ्या त्या मॅडमला सांग. माझं मत बदललं."

मामा शेजारीच बशीत चहा ओतून पीत होते. बशी हलली, चहा धोतरावर. "काय म्हणलीस? कवा बदललं? आत गेल्यावर?"

शेजारच्या टेबलावरची पोरं कान टवकारून ऐकायला लागली. एक जण म्हणाला, "काकू, लई बेस केलं."

"गप रे," मामी त्याला म्हणाली. आणि मामांना, "तुमचं न्हाई. ते येगळं हाय. फोनवालीचं."

मामांना कळेना. मला मात्र कळलं, आणि मी विचार न करताच विचारलं, "कारण?"

मामीनं इकडंतिकडं बघितलं. मग जरा हळू बोलली. त्यांच्या घरी दोन वर्षांपूर्वी फोन आला होता. मामांनी सांगून ठेवलं होतं, बायांनी फोनला हात लावायचा नाही, कामाचे फोन असतात. उन्हाळ्यात एकदा घरात कुणी नसताना तो वाजला. मामी शेळ्यांना पाला टाकत होती. तो वाजला, थांबला, परत वाजला. तिनं वाजू दिला.

"मंग संध्याकाळी कळलं," मामी म्हणाली, "आपली पोरगी व्हती ती. सासरहून फाट्यापस्तोर पायी आली व्हती, बूथवर. भर उन्हात."

मी विचारलं, "काय म्हणायचं व्हतं तिला?"

"ते आता सांगती व्हय ती? रुसली. कायी न्हाई म्हणती." मामी शाईच्या बोटाकडं बघत होती. "तवापासून मी उचलते. ह्यांना म्हणलं, काय करायचं ते करा." मामा धोतराचा चहा झटकत राहिले.

"तिनं उचलायला पायजे व्हता," मामी म्हणाली. "आधी उचलायचा, कोण काय म्हणतंय ते ऐकायचं. मंग ठिवायचा असंल तर ठिवायचा."

ती चार पावलं गेली आणि परत आली.

"नीट सांग मातर. तुझं म्हणून सांगू नको. माझं हाय म्हणून सांग."

मॅडम कुठं आहेत, मला माहीत नाही. नांदेडच्या कॉलेजांतून विचारून झालं. कुणी म्हणालं लातूरला गेल्या, कुणी म्हणालं शिकवणं सोडलं. तिनं फोन का नाही उचलला, हा प्रश्न मलाही अजून सुटलेला नाही. पण निरोप माझ्याकडं आहे आणि तो पोचवायला हवा. म्हणून हे लिहिलं. फिक्या सुती साडीतल्या, घड्याळ मनगटाच्या आत बांधणाऱ्या, विनाकारण चष्मा पुसणाऱ्या एक बाई तुम्हाला कुठं दिसल्या, तर एवढं सांगा, की औंढ्याच्या आतल्या त्या गावात एक मत बदललं आहे. कारण वर दिलं आहे. आणि ते मामीचं स्वतःचं आहे, बाजूच्याचं नाही.